अकरा महिन्यांचे मास्तर आणि लिंबायतच्या मराठी शाळा

जून महिना लागला की नंदुरबार, चिंचपाडा, नवापूर या स्थानकांवरून सुरतेकडे जाणाऱ्या गाड्यांत एक विशिष्ट प्रवासी दिसू लागतो. वय पंचवीस-तिशीचे, काखेत प्लास्टिकची फाइल. फाइलीत डी.एड. किंवा बी.एड.ची गुणपत्रके, जातीचा दाखला, दोन फोटो. त्याच्या आधीच्या पिढ्या याच ताप्ती लाइनने उधन्याला उतरल्या त्या लूमच्या खात्यात किंवा मिलमध्ये रोजी शोधण्यासाठी. हा शाळेत जागा शोधायला निघालेला असतो. कायमची जागा मिळत नाही हे त्याला कळून चुकलेले आहे. कोणा बाई प्रसूतीच्या रजेवर गेल्या असतील, कोणी गुरुजी निवृत्त झाले असतील, तेवढ्या रिकाम्या जागेवर चार-सहा महिने शिकवायला मिळावे, एवढीच त्याची आशा. फाइलीच्या कप्प्यात बहुधा एक चिठ्ठी असते आणि तिच्यावर 'लावून देणाऱ्या' माणसाचे नाव असते. या चिठ्ठीविषयी आणि तिच्यामागे दडलेल्या मराठी शाळेच्या प्रश्नाविषयी आम्हांला आज लिहावयाचे आहे.

सीमाप्रश्न म्हटला की बेळगाव, कारवार, निपाणी, बिदर ही नावे डोळ्यांपुढे येतात, आणि ते योग्यच आहे. पण १ मे १९६० रोजी दोन राज्ये झाली तेव्हा पश्चिमेकडेही एक रेघ ओढली गेली. पश्चिम खानदेशातील नवापूर, नंदुरबार, तळोदा, अक्कलकुवा या तालुक्यांतील कित्येक गावे गुजरातेत गेली. उंबरगावकडची गावे गेली. डांगवरून मोठा वाद झाला आणि डांगही गुजरातेतच राहिला. नवापूरच्या रेल्वे स्थानकाचा अर्धा भाग महाराष्ट्रात, तर अर्धा गुजरातेत आहे. बाहेरच्यांना त्याची मौज वाटते. या भागातल्या माणसाला त्यात नवल नाही, कारण त्याचे घरही तसेच वाटले गेले आहे. भाऊ उच्छलला, बहीण नवापूरला, आणि मुलगा सुरतेत लिंबायतला.

लिंबायतवर कोणी रेघ ओढली नाही. तेथे आमची माणसे आपल्या पायांनी गेली. जळगाव, धुळे, नंदुरबार या जिल्ह्यांतून पोटासाठी गेलेल्या कुटुंबांनी नीलगिरी, गोडादरा, डिंडोली, उधना हा सारा पट्टा वसवला. मिठी खाडीचे पाणी घरात शिरते, लूमच्या खटखटीने रात्री झोप नसते, बायका घरी बसून साड्यांचे धागे कापतात, आणि तरीही गल्लीत अहिराणी ऐकू येते. मतांच्या बाबतीत मराठी माणूस येथे दुबळा नाही. लिंबायतच्या मतदारांनी २०१२ पासून विधानसभेत पाठवलेल्या संगीता पाटील मराठी आहेत, आणि ज्या नवसारी लोकसभा मतदारसंघात लिंबायत मोडते तेथील खासदार सी. आर. पाटील यांचा जन्म जळगाव जिल्ह्यातला. हे येथे सांगण्याचे कारण इतकेच की, वजन नाही म्हणून काम होत नाही, असे या बाबतीत म्हणता येणार नाही.

सुरतेची नगर प्राथमिक शिक्षण समिती गुजराती, हिंदी, मराठी, उर्दू, उडिया, तेलुगू आणि इंग्रजी अशा सात माध्यमांतून शाळा चालवते. ही लहान गोष्ट नाही. एका नगरपालिकेच्या खर्चाने इतक्या भाषांत मुले शिकतात, असे देशात फार ठिकाणी नाही, आणि त्याबद्दल सुरतेला श्रेय दिलेच पाहिजे. गुजरातचे पाठ्यपुस्तक मंडळ मराठीतून पुस्तके छापते. दहावी-बारावीची परीक्षाही मराठी माध्यमातून देता येते. इमारत आहे, पुस्तक आहे, परीक्षा आहे. अडते ते शिक्षकापाशी.

मराठी माध्यमाचा शिक्षक निवृत्त झाला किंवा लांबच्या रजेवर गेला की त्याच्या जागी दुसरा मराठी शिक्षक लगेच मिळत नाही. गुजराती माध्यमाच्या शाळेत शेजारच्या शाळेतून कोणाला तरी पाठवून वेळ निभावता येते. मराठी वर्गावर कोणाला पाठवणार? मग दोन वर्ग एकत्र बसवले जातात, किंवा कोणी हंगामी माणूस शोधला जातो. हाच तो फाइलवाला मुलगा.

त्याच्यापुढे दोन दारे असतात. एक दलालाचे, दुसरे थेट शाळेचे.

दलालाच्या दाराशी काय होते हे आमच्याकडे आलेल्या मुलांच्या तोंडून आम्ही ऐकले आहे, आणि सगळ्यांचे ऐकून एकच गोष्ट कळते. कोणी याला प्लेसमेंट म्हणतो, कोणी एजन्सी. उधन्याच्या एखाद्या गाळ्यात एक टेबल, दोन खुर्च्या. आधी नाव नोंदवण्याचे पैसे. मग जागा मिळाली की पहिल्या महिन्याचा पगार, निम्मा किंवा सगळा. काही जण त्यापुढे जाऊन मूळ प्रमाणपत्रे ठेवून घेतात, म्हणजे मुलगा मध्येच सोडून जाऊ नये. नेमणुकीचा कागद मिळत नाही. शाळेत विचारले तर शाळा म्हणते, तुम्ही एजन्सीची माणसे. एजन्सीला विचारले तर ती म्हणते, तुम्ही शाळेचे. दिवाळीच्या सुटीचा पगार कोणी द्यायचा यावर दोघेही गप्प. 'टेट नसली तरी लावून देतो' असे सांगणारेही आहेत. ही तर सरळ फसवणूक आहे. शिक्षण हक्काच्या कायद्याने पहिली ते आठवीला ठरवून दिलेली पात्रता असलेलाच शिक्षक लागतो, आणि २०१० पासून त्या पात्रतेत शिक्षक पात्रता परीक्षा धरलेली आहे.

एजन्सी ही वस्तूच मुळात वाईट, असे आमचे म्हणणे नाही. इंग्लंडमध्ये बदली शिक्षकांचा मोठा भाग एजन्सीमार्फतच शाळेत जातो. सकाळी शिक्षक आजारी पडला की मुख्याध्यापक एजन्सीला फोन करतो आणि घंटेच्या आत माणूस हजर होतो. पण तेथे १९७३ पासून कायदा आहे की काम शोधणाऱ्याकडून काम मिळवून देण्याचे पैसे घ्यायचे नाहीत. एजन्सीचा मेहनताना शाळेने द्यायचा. एकाच ठिकाणी बारा आठवडे काम केले की त्या शिक्षकाला तेथल्या शिक्षकाइतका मूळ पगार मागण्याचा हक्क येतो. असे असूनही तेथील शिक्षकांची तक्रार राहतेच, की एजन्सीतून गेले तर शिक्षकांच्या निवृत्तिवेतन योजनेत हिशेब धरला जात नाही. म्हणून ज्याला जमते तो शाळेशी थेट बोलतो. इतके कायदे असलेल्या देशातल्या शिक्षकाला थेट शाळेचे दार बरे वाटते, तर आमच्या नवापूरच्या मुलाने कागदाशिवाय, पावतीशिवाय दलालाच्या गाळ्यात पैसे का मोजावेत?

मोजतो, कारण त्याला शाळेचे दार माहीत नसते. लिंबायतमध्ये मराठी शाळा किती, कोणत्या गल्लीत, मुख्याध्यापकांना (गुजरातेत त्यांना आचार्य म्हणतात) कधी भेटायचे, हे त्याला कोणी सांगत नाही. दलाल हीच माहिती विकतो. त्याच्यापाशी दुसरे भांडवल नाही. आणि ही माहिती तर लिंबायतमध्ये राहणाऱ्या प्रत्येक मामा-काकाला फुकट ठाऊक असते. मुलाच्या राहण्या-जेवणाची सोय करणारे नातलग शाळेपर्यंत त्याच्याबरोबर चालत जात नाहीत, याचे आम्हांला नवल वाटते.

थेट जाणाऱ्याने काय करावे हे थोडे सविस्तर सांगितले पाहिजे, कारण मुले येथेच चुकतात. जूनमध्ये शाळा उघडल्यावर जाऊ नये. एप्रिलमध्येच जावे, कारण कोण निवृत्त होणार आणि कोण रजेवर जाणार हे मुख्याध्यापकांना तेव्हाच माहीत असते. दुसरी वेळ दिवाळीच्या सुटीआधीची. हाताने लिहिलेला एका पानाचा अर्ज द्यावा, त्यात कोणती इयत्ता व कोणते विषय शिकवू शकतो ते स्पष्ट लिहावे, आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी. प्रमाणपत्रांच्या फक्त छायाप्रती द्याव्यात. मूळ कागद दाखवावेत आणि तेथल्या तेथे परत घ्यावेत.

गुजरातेतील मराठी शाळेत बालभारतीची पुस्तके चालत नाहीत, ही गोष्ट पुष्कळांना तेथे गेल्यावर कळते. पुस्तक गांधीनगरचे असते, अभ्यासक्रम गुजरातचा. तेव्हा ज्या इयत्तेला शिकवायचे तिची पुस्तके आधी मिळवून वाचावीत. परिपत्रके गुजरातीत येतात, हजेरीची पत्रकेही गुजरातीत. सीमेवरच्या मुलाला गुजराती बोलता येते, पण वाचताना तो अडखळतो. महिनाभर रोज वर्तमानपत्र वाचले तर तो अडथळा दूर होतो. शिवाय २०२३ च्या कायद्याने गुजरातमधील सर्व शाळांत पहिली ते आठवीपर्यंत गुजराती शिकवणे सक्तीचे आहे, म्हणून जो मराठीबरोबर गुजरातीचा तासही घेऊ शकेल त्याला शाळा आधी बोलावील. यात मराठीचा कमीपणा नाही. लिंबायतच्या मुलाला गुजराती यायलाच हवे. मराठी त्याच्याकडून जाऊ नये, इतकाच आमचा आग्रह आहे.

आणि जागा मिळाल्यावर कागद मागावा. कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, महिन्याला किती, की तासावर, सुटीचे काय, भविष्यनिर्वाह निधी कापणार की नाही, हे एका पानावर लिहून घ्यावे. मुदत संपल्यावर अनुभवाचा दाखला जावक क्रमांकासह घ्यावा. संकोचाने हे राहून जाते. मग तीन वर्षे शिकवलेल्या माणसापाशी तीन वर्षे शिकवल्याचा एक कागद नसतो.

येथपर्यंत मुलाची बाजू झाली. आता सरकारची.

गुजरातेत रिकाम्या जागांवर आधी 'प्रवासी शिक्षक' असत. नाव तरी खरे होते. माणूस आज आहे, उद्या पुढच्या गाडीने गेला. २०२३ साली त्यांच्या जागी 'ज्ञान सहायक' आले. प्राथमिकला २१,०००, माध्यमिकला २४,००० आणि उच्च माध्यमिकला २६,००० रुपये असे मानधन तेव्हा ठरले आणि करार अकरा महिन्यांचा. ज्ञानाचे सहायक नेमले, पण मुख्य कोण, हे मात्र सांगितले नाही. टेट-टाट उत्तीर्ण उमेदवारांनी या योजनेविरुद्ध आंदोलने केली, आणि त्यानंतर २०२४ मध्ये कायम भरतीच्या घोषणा झाल्या. त्यातल्या विद्या सहायकांच्या भरतीत एकूण १३,८५२ जागांपैकी १,८५२ जागा गुजरातीखेरीज अन्य माध्यमांसाठी जाहीर झाल्या. आमच्या मुलांच्या दृष्टीने हाच आकडा महत्त्वाचा. मात्र तेथे गुजरातची टेट लागते, पुण्याच्या परीक्षा परिषदेची नव्हे. जे सुरतेत राहून काम करू इच्छितात त्यांनी हंगामी जागेच्या मागे धावतानाच ही परीक्षा द्यावी. अकरा महिन्यांच्या कराराचा खरा उपयोग झाला तर इतकाच, की तेवढ्यात पुढची तयारी होते.

महाराष्ट्राने याबाबत गुजरातला उपदेश करण्याची सोय नाही. २ मे २०१२ रोजी शिक्षक भरतीवर बंदी आली आणि पुढची अभियोग्यता चाचणी झाली ती २०१७ च्या डिसेंबरात. त्यानंतरची २०२३ मध्ये, नंतरची २०२५ मध्ये. या खंडांत डी.एड. झालेली एक अख्खी पिढी वयाने बाद झाली किंवा सुरतेची गाडी पकडून गेली. ६ सप्टेंबर २०२३ च्या शासन निर्णयाने नऊ संस्थांमार्फत सरकारी कामाला माणसे घेण्याचे ठरले. त्या यादीत शिक्षकाचेही पद होते. ओरड झाली आणि पुढच्याच महिन्यात तो निर्णय मागे घ्यावा लागला. उधन्याच्या गाळ्यातला दलाल आणि मंत्रालयातल्या निर्णयातली एजन्सी यांच्यात कपड्यांचा फरक असेल. मास्तर आणि शाळा यांच्यामध्ये तिसरा माणूस बसवण्याची कल्पना दोघांची एकच.

न्यायालये मात्र जागी आहेत. समान कामाला समान वेतन हे तत्त्व हंगामी कर्मचाऱ्यांनाही लागू आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये पंजाबच्या प्रकरणात सांगितले. २०२५ च्या ऑगस्टमध्ये गुजरातेतीलच सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालयांतल्या कंत्राटी अध्यापकांचा प्रश्न त्याच न्यायालयापुढे होता. महिना ३०,००० रुपयांवर वर्षानुवर्षे शिकवणाऱ्यांना वेतनश्रेणीतील किमान वेतन द्यावे, असा निकाल लागला. शाळेतल्या हंगामी शिक्षकाला तो निकाल आपोआप लागू होणार नाही. पण लढायचे ठरवले तर वाट आहे.

आता वर्गात बसलेल्या मुलाकडे वळू, कारण भाषेचा प्रश्न तेथे आहे. लिंबायतच्या घरात अहिराणी, गल्लीत हिंदी, बाजारात गुजराती. पहिलीत आलेल्या पोराला पुस्तकातली मराठी हीच एक नवी भाषा असते. त्याला ती धीराने शिकवणारी एकच बाई वर्षभर, खरे तर दोन वर्षे लागते. जुलैत एक मास्तर, दिवाळीनंतर दुसरा, फेब्रुवारीत कोणीच नाही, असे झाले की जोडाक्षरे कच्ची राहतात, आणि तिसरीत ते पोर वाचताना अडखळते. बाप लूमवर बारा तास उभा असतो. त्याला इतकेच दिसते की मराठी शाळेत मास्तर नाही आणि समोरच्या इंग्रजी-हिंदी शाळेत बसगाडी येते. तो पोराचे नाव काढतो. त्याला दोष कसा देणार?

नावे निघाली की पट कमी होतो. पट कमी झाला की मंजूर पदे कमी होतात, कारण कायद्याने प्राथमिकला तीस मुलांमागे एक शिक्षक असा हिशेब आहे. पद गेले की रिकामी जागाही कागदावरून गेली. मग सरकार म्हणते, मराठी माध्यमात शिक्षकांची टंचाई नाही. हिशेब बरोबर असतो! शाळा बंद करण्याचा हुकूम कोणाला काढावा लागत नाही. बेळगावात मराठी पाटीसाठी लाठ्या खाव्या लागल्या. येथे लाठी नाही, वैरही नाही. नुसती रिकामी खुर्ची आहे, आणि तिच्याविरुद्ध मोर्चा कसा काढायचा हे आम्हांला अजून कळलेले नाही.

काही जण म्हणतात, हंगामी का होईना, मास्तर मिळतो आहे ना. उगाच कशाला ओरडता? हंगामी मास्तर नको असे आम्ही म्हणतच नाही. प्रसूती रजेच्या जागी, आजारपणाच्या जागी तो हवाच, आणि चांगल्या पगारावर हवा. पण निवृत्त झालेल्याच्या जागी तो बसवला की ती रजा कधीच संपत नाही. शिक्षण हक्क कायद्याचे २६ वे कलम स्पष्ट आहे. सरकारच्या किंवा स्थानिक संस्थेच्या शाळेत शिक्षकांच्या रिकाम्या जागा मंजूर पदांच्या दहा टक्क्यांहून अधिक असता कामा नयेत. राज्यघटनेच्या ३५० अ या अनुच्छेदाने तर १९५६ पासून सांगितले आहे की भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची पुरेशी सोय राज्याने व स्थानिक संस्थेने करावी. शिक्षक नसलेली शाळा ही पुरेशी सोय होऊ शकत नाही.

या कलमांचा उपयोग करणारे हात लिंबायतमध्येच आहेत. प्रत्येक सरकारी शाळेत व्यवस्थापन समिती असते, तिच्यात तीनचतुर्थांश पालक असतात आणि निम्म्या बायका. धागे कापणारी आई त्या समितीवर बसून ठराव मांडू शकते की, अमुक वर्गाला अमुक तारखेपासून शिक्षक नाही. त्या ठरावाची प्रत नगर प्राथमिक शिक्षण समितीकडे जावी. उत्तर आले नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज करावा. गुजरातेत त्याला २० रुपये लागतात आणि तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. विचारायचे इतकेच: मराठी माध्यमात मंजूर पदे किती, भरलेली किती, हंगामी किती. हे तीन आकडे शाळेशाळेचे हाती असल्याशिवाय आमदार-खासदारांकडे शिष्टमंडळ नेण्यात अर्थ नाही. मोघम बोललो की ते मोघम आश्वासन देतात.

आमची समिती पुढच्या सत्राच्या आधी लिंबायत, उधना, पांडेसरा भागांतील मराठी शाळांची अशी यादी करीत आहे. सीमेवरच्या गावांतील वाचकांनी आपल्या सुरतेतील नातलगांना विचारून शाळेचे नाव, शिक्षक नसलेली इयत्ता आणि केव्हापासून नाही, एवढे एका पोस्टकार्डावर लिहून या दैनिकाच्या कचेरीकडे पाठवावे. हंगामी काम करू इच्छिणाऱ्या डी.एड., बी.एड. मुलामुलींनी आपले विषय व पात्रता लिहून पाठवल्यास त्यांची नावे आम्ही थेट मुख्याध्यापकांना कळवू. त्यासाठी एक पैसा द्यावा लागणार नाही. ज्यांची मूळ प्रमाणपत्रे कोणा दलालापाशी अडकली आहेत, त्यांनी चार माणसे बरोबर घेऊन जाऊन आधी ती परत आणावीत. नाव नंतर पाठवले तरी चालेल.